बिननावाचा काळा भात

पातेल्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या काढून टाकायच्या, एवढंच द्येसेलनं ठरवलं होतं. लोक आदर्शासाठी तुरुंगात जातात. द्येसेल चिठ्ठ्या काढणार होता. (प्रत्येकाची झेप वेगळी.)

अमेरिकेतल्या ब्रॉक्टनमध्ये हैतीच्या माणसांची तीन मंडळं: कॅथलिक, बाप्टिस्ट आणि ॲडव्हेंटिस्ट. तिघांनाही फादर कीगनच्या चर्चखालचा हॉल हवा होता, आणि तिघांनीही वेगवेगळ्या दिवशी जाऊन, एकमेकांना न सांगता, त्याची किल्ली मागितली होती. म्हाताऱ्या फादरनं तिसऱ्या दिवशी डोकं धरलं. किल्ली एकच आहे, ते म्हणाले. तुम्ही सगळे एका टेबलावर जेवताना मला एकदा दिसा, दर शुक्रवारी हॉल तुमचा. नाहीतर कराटेवाले थांबलेच आहेत.

द्येसेलला शुक्रवार हवा होता तो बायकोच्या वर्गासाठी. योलेन तिन्ही मंडळांच्या सव्वीस मुलांना क्रेयोल, म्हणजे हैतीची भाषा, शिकवायची. आजीचा फोन आला की 'हाय' म्हणून तो आईच्या हातात कोंबणारी ही मुलं. वर्ग एका लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत भरे, आणि मशीन कपडे पिळायला लागलं की उरलेला धडा हातवाऱ्यांनी होई. आता लॉन्ड्रीवाल्यानं तीही खोली महिनाअखेर रिकामी करायला सांगितली होती. हॉल नाही, तर वर्ग नाही.

म्हणून द्येसेल, नगरपालिकेच्या पार्किंग विभागातला कारकून, एकोप्याच्या कामाला लागला. रविवारी संध्याकाळी पाच वाजता प्रार्थना, जेवण, गाणी आणि गप्पा. तयारीच्या बैठका तीन झाल्या. बाप्टिस्ट म्हणाले, ढोल वाजला तर आम्ही उठून जाऊ. कॅथलिक म्हणाले, ढोल वाजला नाही तर आम्ही येणारच नाही. ॲडव्हेंटिस्टांना डुक्कर चालत नव्हतं, म्हणून तळलेलं ग्रियो गेलं. राजकारणावर बोलायचं नाही, हे तर पहिल्याच मिनिटाला ठरलं. शेवटी संगीतात एक गिटार उरली, गप्पांमध्ये हवामान उरलं आणि जेवणात काळ्या अळंब्यांचा भात उरला, कारण त्याला कुठल्याच धर्मग्रंथात हरकत नव्हती.

राहता राहिली चिठ्ठ्यांची गोष्ट. आपली माणसं पातेल्याजवळ गेली की आधी नाव वाचतात आणि मग फक्त आपल्या मंडळाच्या पातेल्यात चमचा घालतात, हे द्येसेलनं लहानपणापासून पाहिलेलं. त्याला त्याचा संताप यायचा. त्यानं नुसत्या चिठ्ठ्या काढल्या नाहीत. पातेली ओळखू येतील म्हणून चौदा बायकांनी करून आणलेला भात त्यानं चौदा एकसारख्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये ओतला आणि रिकामी पातेली गाडीत कोंडून टाकली.

"हे तू काय केलंस?" योलेननं विचारलं.

"आता हा कुणा एकीचा भात नाही. आपल्या सगळ्यांचा आहे."

"द्येसेल, कुणाच्या हातचं आहे ते कळल्याशिवाय तुझी आई तरी घास तोंडात घालेल का?"

आई घालणार नाही, हे त्याला माहीत होतं. अनोळखी हातचं खाऊन कोण कसं झुरून गेलं, याच्या गोष्टी ऐकतच ते दोघंही मोठे झाले होते. पण आपण आता कॉलेजात शिकलेले आहोत, असं तो म्हणाला. (तो शिकलेला होता. बाकीचे दीडशे कुठे शिकले होते, याची त्यानं चौकशी केली नव्हती.)

पाचला बोलावलेली माणसं सव्वासहापर्यंत जमली, म्हणजे वेळेवरच आली. प्रार्थना झाली. मग दीडशे माणसं चौदा ट्रेंसमोर उभी राहिली, आणि उभीच राहिली.

मादाम तिदोर या कॅथलिकांच्या सर्वांत वजनदार बाई. त्यांनी पहिल्या ट्रेवर वाकून वास घेतला आणि भात कुणाचा म्हणून विचारलं. आपल्या सगळ्यांचा, द्येसेल म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे डॉक्टरनं बघावं तसं बघितलं, आणि आपण घरून जेवून आलोय असं सांगितलं. बाप्टिस्टांचे पास्टर एग्झांतुस यांचा आज नेमका उपास निघाला. पाच मिनिटांत हॉलमध्ये न जेवलेलं माणूस उरलं नाही. कॅथलिक खिडकीकडच्या भिंतीला, बाप्टिस्ट दाराकडच्या भिंतीला, ॲडव्हेंटिस्ट गिटारच्या आडोशाला. गिटारवाला एकच स्तोत्र तिसऱ्यांदा वाजवत होता. योलेन कोपऱ्यात मुलांच्या वह्या छातीशी धरून उभी होती. फादरला दाखवायला आणल्या होत्या तिनं.  

फादर सातला येणार होते. सातला वीस मिनिटं होती.

द्येसेलनं चमचा उचलला. काही नाही या भातात, हे मीच दाखवतो, असं जाहीर करून त्यानं पहिल्या ट्रेतला भात खाल्ला. मग दुसऱ्यातला. लोक बघत होते, पण एकही पुढे येईना. सहाव्या ट्रेला त्याच्या लक्षात आलं, की लोक धीर गोळा करत नाहीयेत, नेमका कुठल्या ट्रेला हा पडतो ते बघतायत. तरी तो थांबला नाही. घास उतरावा म्हणून तो मध्येमध्ये मिरचीत मुरलेला कोबी तोंडात भरत होता. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. चौदाव्या ट्रेला त्याला घाम फुटला, ओठ पांढरे पडले, आणि आदर्शवादी माणूस पोट धरून जमिनीवर बसला.

 आपण म्हटलंच होतं, असं दीडशे चेहऱ्यांवर उमटलं.

"कुठल्या ट्रेमुळे झालं?" पास्टरांनी विचारलं.

आणि इथेच गोष्ट फिरली. कारण त्या चौदांपैकी एक ट्रे आपला असू शकतो, हे चौदाही बायकांना एकदमच सुचलं. गावभर बोभाटा होण्याआधी आपला भात कुठला ते शोधून तो निर्दोष ठरवणं भाग होतं. पण ट्रे सगळे सारखे, भात सगळा काळा. ओळखणार कसा? चाखून.

मादाम तिदोर पहिल्यांदा पुढे आल्या. जीव गेला तर जावा, पण हाताच्या चवीवर डाग नको. त्यांनी चौथ्या ट्रेतला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "लवंगा आहेत की खिळे? हा माझा नव्हे."

"तो माझा आहे," पास्टरांची बायको म्हणाली. "आणि तुमचा मला सापडलाय, मादाम. ज्यात मीठ नाही तो."

तिथून बोलणं सुरू झालं ते थांबेना. बायका चाखत होत्या, आपल्या नवऱ्यांना चाखायला लावत होत्या, साक्षीदार म्हणून दुसऱ्या मंडळाच्या माणसांच्या हातात बशा देत होत्या. मादाम तिदोरनी नवव्या ट्रेवर हात ठेवून हाच माझा, असली चव दुसऱ्या कुणाला जमायची नाही, असं शपथेवर सांगितलं. तो एका ॲडव्हेंटिस्ट नर्सबाईचा निघाला. मादामनी तिला खाली बसवून अळंबी किती वेळ भिजवलीस ते विचारून घेतलं. गिटारवाल्यानं वैतागून चाल बदलली. कुणीतरी टेबलावर ताल धरला, हातांनीच, आणि एकही बाप्टिस्ट उठून गेला नाही. त्यांची तोंडं भरलेली होती.

फादर कीगन आले तेव्हा दीडशे माणसं एका टेबलाभोवती, त्याच चौदा ट्रेंमधून जेवत, एकाच वेळी बोलत होती. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे योलेनच्या हातात किल्ली ठेवली.

द्येसेल हे सगळं बाहेरच्या पॅसेजमधल्या बाकावर आडवा पडून ऐकत होता. आपण स्वतः कडेला मोडून पडलो, पण माणसं जोडली गेली, असा एक उदात्त विचार पोटातल्या कळांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचला. तेवढ्यात योलेन बाहेर आली. तिन्ही मंडळांनी आत्ताच एक ठराव केलाय, ती म्हणाली. एकमतानं. इतिहासात पहिल्यांदा.

द्येसेल कोपरावर उठला. "कसला?"

"दर महिन्याला अशीच संध्याकाळ करायची. आणि तुला तयारीत कुठेही घ्यायचं नाही."

तो परत आडवा झाला. मग निदान मांडला कुणी, ते तरी सांग, म्हणाला.

"मी," योलेन म्हणाली, आणि त्याच्या पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवून वह्या दाखवायला आत गेली.