सरनाईक बाईंची राष्ट्रसेवा

पहिल्या भेटीत सरनाईक बाईंनी मला नाव विचारलं नाही. "जीभ दाखव," म्हणाल्या.

स्थळ क्योतो, विद्यापीठासमोरचा बसथांबा. पुढेमागे जपानी माणसांची शिस्तीतली रांग. मी चौतीस वर्षांचा, पीएचडी झालेला, विद्यापीठात संशोधन करणारा माणूस. साडीवर जाकीट घातलेल्या आजी दिसल्या म्हणून आनंदाने "नमस्कार" म्हणालो, एवढाच माझा गुन्हा. पण त्या आवाजात असं काही होतं की जीभ आपोआप बाहेर आली. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून ती नीट बघितली.

"सकाळपासून नुसत्या कॉफीवर आहेस. खोटं बोलू नकोस."

मी खोटं बोलणं शक्यच नव्हतं, कारण जीभ बाहेर होती. रांगेतल्या लोकांनी क्योतोच्या रिवाजाप्रमाणे काही पाहिलंच नाही असं दाखवलं. बाईंनी पिशवीतून दशमी काढून माझ्या हातात ठेवली आणि ती संपेपर्यंत दोन बस सोडल्या.

बाई सोलापूरकडच्या एका कॉलेजात मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. मिस्टर लवकर गेले. मुलगी मृणाल वसतिगृहाच्याच क्वार्टरमध्ये वाढली, शिकली आणि संशोधक होऊन इथे आली. तिच्या लेकीला, ईराला, सांभाळायला बाई एक वर्षासाठी आल्या होत्या. आपण निवृत्त झालो आहोत हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. त्यांची दोन वाक्यं मी वर्षभर ऐकली. पहिलं, "'नको' हे उत्तर नसतं, ती लाज असते." दुसरं, त्यांना कुणी जेवायला बसा म्हटलं की यायचं, "रेक्टर शेवटी जेवते."

राष्ट्रसेवेचं खूळ त्यांच्या डोक्यात घातलं पार्कने. पार्क हा मृणालच्या प्रयोगशाळेतला कोरियन विद्यार्थी. एकदा घरी आला असताना त्याने सहज सांगितलं की आमच्याकडे प्रत्येक तरुणाला सक्तीने सैन्यात सेवा द्यावी लागते. थालीपीठ उलटता उलटता बाईंचा हात थांबला. तरुणपणी त्यांना सैन्यात जायचं होतं. उंची कमी पडली आणि वडील आडवे आले.

"मग मी देते की एक वर्ष. आहेच मी इथे."

"कुठल्या राष्ट्राची सेवा, आई? तू इथे व्हिसावर आहेस," मृणाल म्हणाली.

बाईंनी थालीपीठ तिच्या ताटात टाकलं आणि वर लोण्याचा गोळा ठेवला. प्रश्न गैरसोयीचा असला की बाई वाढतात.

आता सैन्य काढायचं तर शत्रू हवा. तो सापडला विद्यापीठाच्या कँटीनमध्ये. बाई मला भेटायला म्हणून आल्या आणि तासभर पोरांच्या ट्रेकडे बघत बसल्या.

"ते खांबाजवळचं पोरगं बघ. नुसता लहान वाडगा भात, वर फुकटचा सॉस. आणि चहा तिसऱ्यांदा आणतोय."

"डाएटवर असेल," मी म्हणालो. हिरवा चहा तिथे हवा तेवढा फुकट मिळतो.

"डाएटवाला भाताकडे असा बघत नाही. घरून पैसे यायचे थांबले की माझ्या मुली अशाच पाणी प्यायच्या. आणि विचारलं की म्हणायच्या, भूकच नाही बाई."

बाईंचं खरं होतं. मी त्या कँटीनमध्ये चार वर्षं जेवत होतो आणि मला ती सगळी पोरं नुसती सडपातळ वाटत होती. सगळं महागलेलं, घरून येणारे पैसे तेवढेच. बाइतो, म्हणजे फावल्या वेळची नोकरी, मिळाली तर जेवायला वेळ नाही, आणि नाही मिळाली तर जेवायला पैसे नाहीत. खांबाजवळच्या त्या लाजाळू मुलाचं नाव मोरी. पुरातत्त्व शिकायचा आणि सायकलवरून फिरायचा. नाव ऐकून बाईंनी तोंड वाकडं केलं. "चांगल्या पोराला मोरी कसं म्हणायचं? भांडी घासायची जागा ती!" तेव्हापासून तो मोरे झाला. पुढेपुढे तर "साताऱ्याकडचा दिसतो" असंही त्या म्हणायला लागल्या.

परदेशी विद्यार्थ्यांच्या निवासात एक मोठं सामायिक स्वयंपाकघर होतं. ते दर गुरुवारी संध्याकाळी मिळावं म्हणून आम्ही तिथल्या व्यवस्थापकांकडे, निशिदा-सानांकडे, गेलो. ते कुंड्यांना पाणी घालत होते. मी दुभाषी.

"त्यांना सांग," बाई कडाडल्या, "तुमच्या आवारात पोरं उपाशी झोपतायत आणि तुम्ही झाडांना पाणी कसलं घालताय!"

मी जपानीत म्हणालो, "आपण झाडांची फार सुंदर निगा राखता. तशीच थोडी विद्यार्थ्यांची राखायची संधी आम्हाला मिळाली तर मोठे उपकार होतील."

निशिदा-सान कमरेत वाकले आणि किल्ली दिली.

"बघ," बाई मला म्हणाल्या, "स्पष्ट बोललं की माणूस ऐकतो."

सैन्य उभं राहिलं. बाई सेनापती. पार्क खराखुरा प्रशिक्षित, म्हणून त्याच्याकडे कांदे. मी 'जवान लिमये', खातं भाषांतर आणि भांडी. डाळ क्योतोतल्या मराठी घरांमधून आली. बाईंनी ती मागितली नाही, वसूल केली. तांदूळ माझ्या प्राध्यापकांच्या गावचा. शंभर येनच्या दुकानातले हिरवे एप्रन हा गणवेश. दारावर मी जपानीत पाटी लावली : मोफत जेवण, सर्वांनी यावे.

कुणी आलं नाही. पोरं पाटी वाचायची, पाटीला किंचित वाकून नमस्कार करायची आणि निघून जायची. हाताला धरून आणलेली म्हणायची, "दाइजोबु देस."

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे ठीक आहे, नको."

"दाइजोबु!" बाई दात खाऊन म्हणाल्या. शत्रूचं नाव त्यांना आता कळलं होतं.

तेवढ्यात खिडकीतून मोरे सायकलवरून जाताना दिसला. बाई एप्रनसकट धावत गेल्या आणि सायकलीचं हँडल धरून त्याला सायकलीसह आत घेऊन आल्या. पुढे जो घोटाळा झाला त्यात चूक कुणाचीच नव्हती. मोरेला लहानपणापासून शिकवलेलं, की पानात पडलेलं टाकायचं नाही, शेवटचं शीतसुद्धा संपवायचं. बाईंना लहानपणापासून शिकवलेलं, की पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये. मोरेने वरणभात संपवला. बाईंनी वाढला. मोरेने कसनुसं हसून तोही संपवला. बाईंनी परत वाढला, वर तूप सोडलं.

"बघ रे, किती भूक होती बिचाऱ्याला!" बाईंचे डोळे भरून आले. मोरेचेही आले होते, पण कारण वेगळं होतं.

मी भांड्यांकडे तोंड करून उभा होतो. वळून बघितलं तर मोरेचा रंग मुगाच्या डाळीसारखा झालेला.

"बाई, थांबा! तुम्ही थांबल्याशिवाय तो थांबू शकत नाही!"

"मग त्याने पानात थोडं टाकावं ना!"

"त्याला टाकता येत नाही!"

"मग मी कशी थांबू? ताट रिकामं आहे!"

शेवटी पार्क सैनिकच तो, त्याने झडप घालून ताट पळवलं. मोरे बाकावर आडवा झाला. नंतर मी त्याची सायकल ढकलत त्याला घरी पोचवलं. वाटेत दर चौकात तो माझी माफी मागत होता.

ही बातमी विद्यापीठभर पसरली. नंतरच्या गुरुवारी कुणी आलं नाही, त्यानंतरच्याही नाही. निशिदा-सान अतिशय अदबीने सांगून गेले की छोट्या गिटारी वाजवणारं एक विद्यार्थी मंडळ गुरुवारची खोली कधीपासून मागतंय. आपल्याकडे कुणी येणारच नसेल तर या महिनाअखेरीला त्यांना द्यावी म्हणतो.

बाई पातेल्याशेजारी बसून राहिल्या. "पोरं तिकडे चहा पिऊन झोपतायत," त्या म्हणाल्या, "आणि मी इथे पातेलंभर वरण घेऊन बसलेय. कसली सेवा आणि कसलं काय." मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर गुरुवार मोकळा होणार म्हणून थोडं बरंही वाटलं.

युद्ध फिरवलं ते ईराने. ईरा सहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जपानीत येतं. त्या शनिवारी मृणालकडे आम्ही जेवायला बसलो तेव्हा तिने आजीच्या हातातून पळी ओढून घेतली आणि डोक्याला पांढरा रुमाल बांधला. आज मी तोबान, असं तिचं म्हणणं. तोबान म्हणजे पाळी. त्यांच्या शाळेत पाळीपाळीने मुलंच सगळ्यांना वाढतात, आणि ज्याची पाळी त्याचा रुबाब काही विचारू नका.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग टेबलावर हात आपटून ओरडल्या, "मेस कमिटी!"

वसतिगृहात जी मुलगी उपाशी राहून मानाने "भूक नाही" म्हणायची, तिला बाई मेस कमिटीवर घ्यायच्या. कामाला म्हणून आली की जेवूनच जायची. "जेवायला या म्हटलं की लाजतात," बाई म्हणाल्या. "पाळी आहे म्हटलं की धावत येतील. जवान लिमये, पाटी बदला!"

नवी पाटी : स्वयंपाकाला माणसं कमी पडतात. कृपया मदत करावी.

पुढच्या गुरुवारी वेळेच्या आधीच दाराबाहेर रांग. कित्येकांनी शाळेतल्यासारखे डोक्याला पांढरे रुमाल बांधलेले. बाईंनी जागच्या जागी भरती केली आणि प्रत्येकाला हुद्दा दिला. कोथिंबीर अधिकारी, कुकर निरीक्षक, पोळी विभाग. महिनाअखेरीला गिटारवाले चौकशीला आले तर त्यांनाही वाटाणे सोलायला बसवलं. एकाने सोलायचे, एकाने वाजवायचं. मोरे दारात घुटमळत होता. ताटाची त्याला धास्ती बसली होती, म्हणून त्याला मीठ अधिकारी केलं. प्रत्येक पदार्थ चमच्याने चाखायचा आणि मीठ सांगायचं. ते काम त्याने असं मनावर घेतलं की विचारू नका. डोळे मिटून बराच वेळ उभा राहायचा आणि मग म्हणायचा, "मीठ आहे. पण मागे उभं आहे. पुढे यायला संकोचतंय."

मी ते मराठीत सांगितलं की बाई विचारायच्या, "म्हणजे घालू का नको?"

काम झालं की पाळीवाले सगळे एकत्र जेवायचे. बाईंनी नियम केला : ताट रिकामं दिसलं की वाढायचं, नको असेल त्याने ताटावर हात आडवा धरायचा. सगळ्या पोरांनी हात आडवा धरायला शिकून घेतलं. मोरे पोटभर जेवायला लागला, आणि नंतर वाढायलाही. बाई मात्र पळी घेऊन फिरत असायच्या. बसा म्हटलं की, "रेक्टर शेवटी जेवते."

ईरा सात वर्षांची झाली आणि बाईंचं वर्ष संपलं. मार्चमधला शेवटचा गुरुवार. मुलं, निशिदा-सान, मृणाल, ईरा, सगळे जमलेले. जेवणं उरकत आली तेव्हा मोरे माझ्याजवळ आला.

"लिमये-सान, बाई कधी जेवतात?"

"शेवटी."

"शेवटी म्हणजे कधी? शेवटी मीच असतो. दाराला कुलूप मी लावतो."

वर्षभर मी त्यांच्या हातचं जेवत होतो आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. शेजारी मृणाल होती. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "रेक्टरने मुलींच्या पंगतीत बसायचं नाही, शिस्त बिघडते, असं होतं तिकडे. बाबा होते तोवर ते आईसाठी थांबायचे. नंतर ती ओट्याशी उभ्यानेच खायला लागली. इथेही मी लॅबमधून येते तेव्हा तिचं झालेलं असतं. आईला कुणी वाढलेलं मला आठवतच नाही रे."

मी हे मोरेला सांगितलं. मला फार वाईट वाटत होतं, पण मोरेने वाईट वाटण्यात वेळ घालवला नाही. त्याने खुर्ची ओढली, ताट मांडलं आणि बाईंसमोर जाऊन वाकून उभा राहिला.

बाई घाईघाईने मागे सरकल्या. दोन्ही हात हलवत म्हणाल्या, "दाइजोबु, दाइजोबु!"

मोरे मराठीत, एकेक शब्द ठेवत, म्हणाला, "बाई. 'नको' उत्तर नाही. लाज आहे."

हसून हसून पार्कच्या हातातला डाव पडला. बाई बसल्या. मोरेने वरणभात वाढला, तूप सोडलं, कोशिंबीर वाढली, आणि पळी घेऊन शेजारी उभा राहिला. बाई मान खाली घालून सावकाश जेवल्या. ताट स्वच्छ झालं. मोरेने नियमाप्रमाणे वाढलं. तेही संपलं. त्याने परत वाढलं. सगळी पोरं बघत होती. मला मोरेचा तो मुगाच्या डाळीचा रंग आठवला आणि काळजी वाटायला लागली.

मी वाकून हळूच म्हणालो, "बाई, नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या, आणि रिकामं ताट मोरेपुढे सरकवलं.