न चालणाऱ्या गाडीत कोण बसणार?

“दोन सीट?” मीनलने आमटीचा डाव परत पातेल्यात सोडला. “आपण घरात माणसं किती, आणि सीट किती?”

“अगं, पण ती गाडी रस्त्यावर चालणारच नाहीये,” चंद्रशेखर म्हणाला.

“नसेना का! प्रश्न तत्त्वाचा आहे.”

तुम्ही म्हणाल, न चालणाऱ्या गाडीतल्या जागेवरून कोण भांडतं? भांडतात हो. सिंगापूरच्या सेरंगूनमधल्या एका अकराव्या मजल्यावर तर बुधवारपासून शनिवारपर्यंत भांडले. पण ते कळायला आधी चंद्रशेखर पेठे कळायला हवा.

वय छप्पन्न, बँकेत रिस्क विभागात, सिंगापुरात बावीस वर्षं. दुसऱ्यांनी काही धाडस करायचं ठरवलं की त्यात काय काय बिनसू शकतं, ते शोधून काढणं हा त्याच्या पोटापाण्याचा उद्योग. स्वतःचं धाडस म्हणाल तर शून्य. कॉमर्सला जायचं हे वडिलांनी ठरवलं, सिंगापूर साहेबांनी ठरवलं, हा फ्लॅट मीनल आणि एजंटबाईंनी मिळून ठरवला. हॉकर सेंटरच्या गाळ्यांवर खायला गेला तरी पुढच्या माणसाने जे मागितलं तेच हा मागायचा. आणि गंमत म्हणजे सगळं उत्तम झालं! तक्रार करायलाही काही जागा राहिली नाही बिचाऱ्याला.

फक्त एक गोष्ट त्याची स्वतःची होती. लहानपणी मिरजेत केस कापायला जायचा त्या सलूनमध्ये एक कॅलेंडर होतं. त्यावर जुन्या घाटाची एक गाडी. टप नाही, पुढच्या चाकांवर मडगार्ड नाहीत, इंजिन उघडंबोडकं, आणि बसायला जेमतेम दोन माणसांची जागा. असल्या गाडीला हॉट रॉड म्हणतात, हे पुढे कधीतरी कळलं. नव्वद-शंभर वर्षांपूर्वीच्या गाडीची बॉडी घ्यायची, आत दांडगं इंजिन बसवायचं आणि हौस म्हणून स्वतःच्या हाताने जुळवायची. आता तेव्हाचा पत्रा कुठून मिळणार? म्हणून बॉडी फायबरग्लासची घेतात.

तर यिशुनच्या औद्योगिक वसाहतीत अंकल लिम भेटले. चाळीस वर्षं होड्या आणि दुकानांच्या पाट्या फायबरमध्ये बनवणारा माणूस. तरुणपणी हौसेने त्यांनी अशा गाड्यांचे दोन साचे केले होते. एक उघडा, दोन सीटचा. दुसरा टपाचा, चार सीटचा. महिनाअखेर दुकान बंद करून ते मुलाकडे पर्थला निघाले होते. शेवटची एक बॉडी शनिवारी साच्यात भरायची, मग साचे भंगारात.

“रोडवर नो होप, हां,” त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. घरी जुळवलेली असली गाडी इथल्या रस्त्यावर आणायची तर परवानग्यांतच जन्म जायचा. गाडी पुतण्याच्या गोडाऊनमध्ये ठेवायची, पुसायची, इंजिन चालू करून आवाज ऐकायचा आणि आत बसायचं. चंद्रशेखरला तेवढं पुरे होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता त्याला एक वस्तू निवडायची होती, आणि ती त्याने निवडलीही होती. दोन सीट, टप नाही. अडचण एवढीच झाली की त्याने ते घरी सांगितलं.

“दुसरी सीट तुझीच आहे की,” तो मीनलला म्हणाला.

“आणि श्रिया? तिला काय बसस्टॉपवर उभी करणार?”

श्रिया, वय एकोणीस, मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, “बाबा, मला नका काउंट करू, कॅन? आय टेक एमआरटी ट्रेन.”

“बघ, पोरीला लागलं ते,” मीनल हळू आवाजात म्हणाली.

पोरीला काडीचं लागलं नव्हतं. पण चंद्रशेखरच्या डोक्यात किडा वळवळला तो वळवळलाच. पहाटे उठून त्याने ठरवलं, चार सीटची घेऊ. टप आला तर आला.

गुरुवारी मिरजेहून आईचा व्हिडिओ कॉल. “चंदू, गाडी करतोयस म्हणे. मला चढता येईल ना रे त्यात? गुडघे आता ऐकत नाहीत.”

झालं! हॉट रॉड म्हणजे जमिनीला घासून बसणारी गाडी. आईसाठी ती उंच करावी लागणार, दार रुंद लागणार आणि दाराखाली पायरी. चंद्रशेखरने कागदावर पायरी काढली. मग आईच्या डोक्याला लागू नये म्हणून टप चार इंच वर घेतला.

त्या संध्याकाळी प्रबोध आला. प्रबोध आयटीतला, चोआ चू कांगला राहणारा जुना मित्र. त्याच्या मते जगातला कुठलाही प्रश्न तक्त्यात घातला की सुटतो. “शेखरराव, भावनेच्या भरात बॉडी निवडायची नसते,” तो लॅपटॉप उघडत म्हणाला. “निकष काढू, प्रत्येकाला वजन देऊ. उत्तर आपोआप येतं.”

“माझं तसं ठरलं होतं...”

“ठरलेलं असलं तरी तपासून घ्यायला काय जातं?”

आता रिस्कमधल्या माणसाला असं कुणी म्हटलं तर तो नाही कसं म्हणणार? दोघं तीन तास बसले. आईचे गुडघे, पावसाचं पाणी, पाहुणे आले तर जागा, त्यांच्या बॅगा, गणपतीच्या वेळी मखर न्यायचं झालं तर मागचं दार. जी गाडी गोडाऊनच्या बाहेर पडणार नव्हती तिच्यातून मखर कुठून कुठे जाणार होतं, हे दोघांपैकी कुणीही विचारलं नाही. एकतीस निकष झाले. ‘आवडते का?’ हा निकष चंद्रशेखरने हळूच बत्तिसावा म्हणून सुचवला. प्रबोधने तो मोजता येत नाही म्हणून काढून टाकला.

शुक्रवारी लंच टाइममध्ये चंद्रशेखर हे सगळं बसवलेलं चित्र घेऊन यिशुनला गेला. अंकल लिमनी चष्मा लावला, चित्र जवळ धरलं, लांब धरलं, उलटं करून पाहिलं.

“मिस्टर चंद्रा,” ते शेवटी म्हणाले, “दिस वन व्हॅन, लाह.”

“व्हॅन?”

“माझ्याकडे साचा आहे की. आइस्क्रीमवाल्यासाठी केला होता. खूप जागा! तुमची आई उभीसुद्धा राहील.”

आणि कोपऱ्यात ताडपत्री बाजूला सारून त्यांनी तो दाखवला. चौकोनी, उंच, मागे दार, दाराखाली पायरी. एकतीसच्या एकतीस निकष त्यात बसत होते. हसावं की रडावं हे चंद्रशेखरला कळेना. पन्नास वर्षं जपलेली एक हौस, आणि तीन दिवसांत घरच्यांनी तिचा टेम्पो केला! तो तसाच ऑफिसला परत गेला आणि कुणाचं तरी लोन नामंजूर करून आला. रात्री घरी त्याने ‘व्हॅन घेतोय’ एवढंच सांगितलं.

शनिवारी सकाळी सगळं लटांबर यिशुनला हजर झालं. मीनल, श्रिया, लॅपटॉपसकट प्रबोध, आणि श्रियाच्या मोबाईलवर मिरजेहून आई. वर्कशॉपमध्ये राळेचा नेलपॉलिशसारखा उग्र वास भरला होता. नमुन्याची दोन सीटची बॉडी लाकडी घोड्यांवर ठेवलेली होती. चाकं नाहीत, इंजिन नाही, नुसता पांढरा सांगाडा. अंकल लिमनी, माठ घेताना वाजवून बघतात तशी ती ठिकठिकाणी वाजवून दाखवली. आवाज सगळीकडे सारखा आला म्हणजे जाडी सारखी. दारं मात्र नावापुरती, न कापता तशीच ठेवलेली. आत जायचं तर वरून.

“टाइम नाही. आज भरणार. कुठला?” अंकल लिम म्हणाले. “आधी बसून बघा. घेणारा बसला नाही तर मी भरत नाही.”

चंद्रशेखर स्टूलवर चढला. एक पाय आत, मग दुसरा. सीटऐवजी टाकलेल्या फळीवर टेकला आणि खाली सरकला. गुडघे डॅशबोर्डच्या कडेखाली गेले, पोट वर राहिलं. समोर लांबलचक पांढरं नाक दिसत होतं. त्याला आत इतकं बरं वाटलं, की त्याचे डोळे भरून आले. मग तो उठायला गेला, आणि उठता येईना.

“काय झालं?” मीनलने विचारलं.

“काही नाही. मांड्या अडकल्यात.”

“पोट आत घे.”

“मांड्या म्हणतोय मी!”

प्रबोध कडेला रेटा द्यायला धावला, तसे अंकल लिम ओरडले, “नो पुश! क्रॅक होईल!” नमुन्याच्या बॉडीला आतून लोखंडी चौकट घातलेली नव्हती. कडेवर भार देऊन चालणार नव्हतं. फळी खालून सोडवायची, म्हणजे हा तीन इंच खाली जाईल आणि पाय सुटतील. ते पाना शोधायला मागे गेले. इतक्या वर्षांचा पसारा, त्यात तो पाना.

“मी येते आत,” मीनल म्हणाली. “काखेत धरून ओढते.” बाहेरून वाकता येत नव्हतं, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता. ती पर्स श्रियाकडे देऊन स्टूलवरून पलीकडच्या बाजूला उतरली, आणि जागाच अशी होती की उतरली ती थेट त्याच्या शेजारी बसलीच.

ओढायचं राहूनच गेलं. दोघं समोर बघत बसले.

“पुढे किती लांब आहे रे हिचं,” मीनल जरा वेळाने म्हणाली.

“तिथे इंजिन येतं.”

“मग ही का नाही घेत तू? व्हॅन कशाला?”

चंद्रशेखरने मान वळवली. तेवढीच वळत होती. “तूच म्हणालीस ना, श्रियाला बसस्टॉपवर...”

“ते मी आपलं म्हटलं! जेवताना माणूस काहीतरी बोलतो.”

“मी तर बुधवारीच सांगितलेलं, नको म्हणून,” श्रिया म्हणाली. “कोण ऐकतं, लाह.”

“आई, पण तुझे गुडघे?” चंद्रशेखरने मोबाईलकडे बघून विचारलं.

“अरे, मी विचारायचं म्हणून विचारलं,” आई मिरजेहून म्हणाली. “मुलगा गाडी करतोय आणि आईने काहीच विचारायचं नाही, हे बरं दिसतं का? मी कशाला बसतेय त्या टोपलीत!”

राहता राहिला प्रबोध. त्याने लॅपटॉप मिटला. “तुम्हीच गप्प बसलात, शेखरराव. मला वाटलं तुम्हाला पटतंय.”

बोलायला म्हणून बोललेल्या चार वाक्यांपायी हा माणूस आइस्क्रीमची गाडी घेऊन बसला असता, आणि त्याच्यावर जबरदस्ती कुणी केली होती? कुणीच नाही. एकतीस निकषांना त्याने स्वतःच होकार दिला होता. चंद्रशेखरला एकदम लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली, कारण आता आड लपायला कुणीच उरलं नव्हतं.

अंकल लिम पाना घेऊन आले. “सो? कुठला?”

“हीच,” चंद्रशेखर म्हणाला. “दोन सीट, टप नाही. दारं मात्र कापून द्या.”

“गुड. कलर?”

“कलर?”

“साच्यात पहिला थर रंगाचाच असतो. आत्ता सांगा. मग बदलत नाही.”

चंद्रशेखरने मीनलकडे पाहिलं. मीनल समोर बघत होती. श्रियाने मोबाईल पोटाशी धरून आजीचा आवाज बंद केला. प्रबोधला काहीतरी सुचत होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण श्रियाने त्याच्या पायावर पाय दिला. ट्यूबलाइट गुणगुणत होती.

“हिरवा,” तो म्हणाला.

अंकल लिमनी खिशातून पेन काढलं. चंद्रशेखर तेवढ्यात मीनलकडे वळून अगदी हळू म्हणाला, “चालेल ना?”

मीनलने उत्तर दिलं नाही. कुणीच दिलं नाही. बराच वेळ तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि अंकल लिम पेन उघडं धरून थांबले.

“हिरवाच,” चंद्रशेखर म्हणाला, चांगल्या मोठ्या आवाजात.