सरस खळ आणि अर्धी पृथ्वी

यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ठेवूही नका! पण मागच्या शनिवारी भर दुपारी मी अर्धी पृथ्वी डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडला. शेषनागाचं लोक उगीच कौतुक करतात. तो निदान एका जागी तरी असतो, मला वाहनं चुकवायची होती!

मला मोठ्यानं बोलत बोलत लिहायची खोड आहे. त्यामुळे नात शेजारी कान टवकारून बसली आहे. बसू दे. खऱ्या माणसाला साक्षीदाराची भीती नसते.

हिला आम्ही फिरकी म्हणतो, कारण ही एका जागी ठरत नाही. हिचा धाकटा भाऊ भोंगा. तो रडायला लागला की कारखान्याची पाळी सुटली असं समजून शेजारचे लोक घरी जेवायला येतात. या दोघांची आई, म्हणजे आमच्या सूनबाई, कापडाच्या कारखान्यात डाग तपासतात. गंमत नाही, ती नोकरीच आहे. भल्यामोठ्या ताग्यात टाचणीच्या टोकाएवढा ठिपका असला, तरी तो सूनबाईला हाक मारून सांगतो, ‘इकडे बघा, मी इथं आहे!’

आणि अशा बाईच्या घरात मी नातवंडांना रंग खेळवतो!

त्याच्या आदल्या शनिवारी बैठकीच्या भिंतीवर एक हत्ती उमटला होता. साक्षात हत्तीएवढा हत्ती!

“आजोबा, मांजराएवढा,” फिरकी म्हणाली.

बरं, मांजराएवढा हत्ती. पण सूनबाईनं तो पाहिला आणि मागच्या शनिवारी कामाला निघताना दारात उभं राहून मला बजावलं, “बाबा, ही शेवटची संधी. संध्याकाळी घरात एक डाग जरी दिसला, तर सोमवारपासून दोघंही शाळेतून थेट पाळणाघरात. तिथं ताई आहेत, शिस्त आहे आणि भिंती पुसता येतात.”

मुलं घरी आली नाहीत, तर दुपारभर मी बोलायचं कोणाशी? फ्रीजशी? तो नुसता गुरगुरतो. आणि माझ्या गोष्टी यापूर्वी दोन-दोनदा ऐकून न कंटाळणारी माणसं या जगात दोनच उरली आहेत. पण चेहऱ्यावर काही दाखवेन तर मी कसला!

“अगं, उभा जन्म पुस्तकं बांधण्यात गेला माझा! कागद, खळ आणि सरस यांच्यातच न्हालो मी. एक थेंब जरी सांडला, तर नाव बदलीन!”

“नाव नका बदलू बाबा, लादी पुसा,” असं म्हणून ती गेली.

आता माझी तयारी बघा. लादीवर वर्तमानपत्रं. टेबलावर वर्तमानपत्रं. सोफ्याला चादर अशी गुंडाळली, की जणू त्याला ताप भरलाय. भोंग्याला माझा जुना शर्ट उलटा घातला. फिरकीला शाळेत पृथ्वीचा गोल न्यायचा होता. साधं काम! फुगा फुगवायचा, त्यावर खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, वाळला की रंगवायचा. फुगा मी स्वतः फुगवला. एवढा फुगवला, एवढा फुगवला, की...

फट्!

लगेच भोंगा वाजू लागला. घरात दुसरा फुगा नव्हता.

“आता पृथ्वी कशावर करायची?” फिरकीनं विचारलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली. बरोबर माझ्याकडे नाही, माझ्या जरा वर. “आजोबा, तुमचं डोकं गोल आहे.”

“आणि वर काहीच नाहीये,” भोंगा हुंदके देत म्हणाला.

कोणी म्हणेल, नाही म्हणायचं होतं. अहो, नातवंडांना डोक्यावर बसवलं, तर पृथ्वीनं काय घोडं मारलंय? शिवाय मैद्याची खळ पाण्यानं जाते. आज उत्तर गोलार्ध, उद्या दक्षिण, मग दोन्ही शिवून टाकू. बांधणीवाल्याला काय अवघड!

मी खळ शिजवून टेबलावर आणली आणि ढवळता ढवळता धडा दिला, “नीट ऐका रे! खळ पातळ नको, घट्ट नको. खळ कशी पाहिजे? सरस पाहिजे, सरस!”

इथं घात झाला.

तुमच्या घरात सरस म्हणजे उत्तम. आमच्या घरात सरस म्हणजे शेगडीशेजारी ठेवलेलं ते काळपट भांडं, ज्यातला डिंकाचा काका एकदा चिकटला की माणसाचं नातं तुटेल पण पुठ्ठा सुटणार नाही. एका जाड शब्दकोशाची पाठ उखडली होती, म्हणून सकाळी मीच तो तापवून ठेवला होता. मी रंगांच्या बाटल्या आणायला गेलो तेवढ्यात भोंग्यानं आज्ञेचं पालन केलं. अख्खं भांडं खळीत उपडं! एक थेंबही बाहेर न सांडता! वळण माझं आहे पोराला.

मग मी खुर्चीत बसलो. चार इवलेसे हात डोक्यावरून फिरू लागले. कोमट पट्टी, चापट, कोमट पट्टी, चापट... अहो, राजेलोकांच्या नशिबी असलं सुख नसेल! माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा समुद्र कानापर्यंत आला होता आणि भोंगा पंख्यासमोर मला धरून वाळवत होता.

“वा! आता उचला हळूच,” मी म्हणालो.

फिरकीनं उचललं. पृथ्वी तिथंच राहिली, माझ्या भुवया तेवढ्या वर गेल्या. भोंग्यानं मदत केली. मी खुर्चीसकट उठलो.

“भोंग्या, खळीत काय घातलंस रे?”

“तुम्हीच म्हणालात ना, सरस पाहिजे. मी घातला. सगळा!”

गरम पाण्यानं सरस सुटतो, हे मला कोणी शिकवायला नको. मी मोरीत धावलो, नळ सोडला. नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. इमारतीची टाकी धुवायला काढली होती! घरात उरलं होतं ते पिण्याचं तांब्याभर पाणी. ते डोक्यावर ओततोय तोच फिरकी किंचाळली, “आजोबा, समुद्र वितळेल! लादीवर येईल!”

बघा कोंडी! डोकं सोडवावं तर घराला डाग आणि घर वाचवावं तर डोक्याला पृथ्वी. मी तांब्या खाली ठेवला. नातवंडांसाठी माणूस काय काय सोसतो!

तेवढ्यात फोन वाजला. मी हात पुसतोय, तोवर फिरकीनं तो उचललाच.

“आई? हो, जेवलो. घर स्वच्छ आहे. फक्त आजोबांचं डोकं जाम झालंय... अगं, जाम! आम्ही दोघांनी हलवून पाहिलं... हो, बोलतायत की. म्हणतायत, माझ्या डोक्यावर पृथ्वी आहे.”

पलीकडून सूनबाईचा आवाज इतका चढला, की मला पृथ्वीच्या आतही ऐकू आला. “त्यांना हलवू नका! मी आत्ता निघते!”

झालं! आता वेळ नव्हता. मुलांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. दोघांच्या कोपरापर्यंत निळ्या हातांना धरून मी खाली उतरलो आणि समोरच्या न्हाव्याकडे निघालो. रस्त्यावरची वाहनं जागच्या जागी थांबली. चौकातल्या पोलिसानं कडक सलाम ठोकला. भूगोलाचे एक मास्तर सायकलवरून उतरून म्हणाले, “काका, विषुववृत्त जरा खाली घ्या.”

“ते मास्तर नव्हते, पेपरवाले काका होते,” फिरकी म्हणाली. “आणि ते नुसते हसले.”

हसले ना? विषुववृत्तालाच हसले!

न्हाव्यानं मला वरपासून आणखी वरपर्यंत पाहिलं. “या काका, बसा. काय करायचं? दाढी की खोदकाम?”

“आधी गरम टॉवेल! लवकर! सून येतेय!”

बिचाऱ्यानं वाफाळते टॉवेल एकावर एक रचले. मी आतून शिजत होतो. मुलं आरशासमोर बसून ‘निघाली का, निघाली का’ करत होती. अखेर कानाच्या बाजूनं पकड ढिली झाली. न्हाव्यानं माझ्या खांद्यावर गुडघा टेकला आणि पृथ्वी ‘च्वॉक्’ करून निघाली. अखंड! फक्त कानांमागे देवानं दया म्हणून जी झालर राखली होती, तीही तिच्याबरोबर गेली.

“काका,” आत डोकावून न्हावी म्हणाला, “हिला आतून जंगल आलंय.”

आणि दारात सूनबाई! धापा टाकत, डोळे भरलेले. तिनं आधी माझा हात हातात घेतला, नाडी पाहिली. मग मुलांचे हात पाहिले. मग माझी मान पाहिली, जिच्यावरून एक महासागर सदऱ्यात उतरत होता.

“घर बघ!” मी म्हणालो. “बाकीचं नंतर बोल. आधी घर बघ!”

आम्ही वर गेलो. तिनं लादी पाहिली. भिंती पाहिल्या. विजेरी घेऊन सोफ्याखाली शिरली. पडदे उलटे करून पाहिले. मी श्वास रोखून उभा! अहो, जिच्या नजरेतून ताग्यातला ठिपका सुटत नाही, तिला माझ्या घरात एक डाग सापडेना! एकही नाही!

सूनबाई उठून उभी राहिली. तिनं पदर डोळ्यांना लावला. “बाबा,” ती गहिवरून म्हणाली, “चुकलं माझं. मुलांना सांभाळणारा असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. यापुढे या घरात पाळणाघराचं नावसुद्धा निघणार...”

“खोटं!” फिरकी टेबलावर हात आपटून ओरडली. “आजोबा, खोटं! आई असं नव्हती म्हणाली! आई म्हणाली, मुलांना एकटं सोडता येत नाही आणि बाबांना तर मुळीच नाही. सोमवारपासून तिघंही पाळणाघरात! आणि तुम्ही येताय की रोज! कालच ताईंनी तुम्हाला कोपऱ्यात बसवलं होतं, तुम्ही कोणाला झोपू देत नव्हता म्हणून!”