पदवीवरचं कुंकू

महिपती गलांडे यांच्या घरात कुठलीही नवी वस्तू हळद-कुंकू लागल्याशिवाय वापरात येत नसे. ट्रॅक्टर आला, बोअरची मोटर आली, गेल्या साली वॉशिंग मशीन आलं. सगळ्यांची पूजा झाली. त्यामुळे लेकीची, संजीवनीची, नेदरलँड्सची पदवी कुरिअरनं बावड्याला पोचली तेव्हा त्यांच्या बायकोनं, चंद्राबाईंनी, सवयीनं पूजेचं ताट केलं आणि महिपतींनी कागदाला हळद-कुंकवाचं बोट टेकवलं. जागाही विचार करून निवडली. कागदाच्या खालच्या बाजूला मधोमध एक गोल ठसा होता, तो त्यांना कपाळासारखा वाटला.

संजीवनी आंघोळ करून बाहेर आली आणि केस पुसायचीच थांबली.

"आबा, अवो ओरिजनल कागद हाय त्यो!"

"मग? झेराक्सची पूजा करत्यात व्हय?"

संजीवनीनं कागद उचलून उजेडात धरला. बारामतीच्या एका कृषी महाविद्यालयात पिकांचे रोग शिकवायची नोकरी तिला लागली होती, पण परदेशातली पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे असा सरकारमान्य दाखला तीस तारखेच्या आत हवा होता. नाही मिळाला तर तिकडच्या प्रयोगशाळेतली जागा तिच्यासाठी तयारच होती. दोन वर्षं महिपतींनी पोरगी मोबाइलच्या काचेत बघितली होती. आता तिनं रविवारी एसटीनं घरी यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पदवीचा फोटो काढून अर्ज पाठवला. चार दिवसांनी परदेशी पदव्या तपासणाऱ्या कार्यालयाचं उत्तर आलं : ठशावर लाल खूण आहे, कागदात फेरफार केल्याचा संशय येतो.

"फेरफार तलाठी करतो, मी न्हाय!" महिपती भडकले.

ते भडकलेले असताना चंद्राबाईंनी गुपचूप ओल्या फडक्यावर साबण घेतला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही. ठिपका होता तो पुरीएवढा झाला, आणि कुलगुरूंची सही त्यात बुडाली.

आता विद्यापीठाला कळवणं भाग होतं. तिकडून उत्तर आलं की मूळ पदवी एकदाच मिळते; मात्र पदवी खरी असल्याचं पत्र देता येईल, कागद कसा खराब झाला ते लिहा.

"पाणी सांडलं म्हनून लिहिते," संजीवनी म्हणाली.

"खोटं कशापायी? पूजा केली म्हनून लिही. आपुन काय चोरी केली?"

तिनं खरं ते लिहिलं. आमच्याकडे महत्त्वाच्या कागदाला ठशावर लाल खूण करूनच तो वापरायला घेतात, माझ्या वडिलांनी ती आदरानं केली, असं.

तिकडच्या कचेरीतल्या आनेका नावाच्या बाई भलत्याच मनापासून काम करणाऱ्या निघाल्या. सव्वीस तारखेला त्यांचं पत्र आलं. सही स्वच्छ, ठसा ठसठशीत, आणि ठशाच्या बरोबर मधोमध लाल शाईचा सुबक ठिपका. सोबत चिठ्ठी होती : 'तुमच्या वडिलांना पुन्हा त्रास नको, म्हणून खूण आम्हीच केली आहे.'

"गुणाची हाय गं बाई," चंद्राबाई म्हणाल्या.

संजीवनीनं डोकं धरलं. पुन्हा पत्र मागवायला दिवस उरले नव्हते. तिनं तेच पाठवून दिलं. त्या दिवशी महिपती जेवायला बसले आणि भाकरी तशीच ठेवून उठले.

"माज्या एका बोटापायी पोरगी परत चालली बग," ते चंद्राबाईंना म्हणाले. एवढं वाईट त्यांना पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

एकोणतीस तारखेला त्या कार्यालयातून फोन आला. संजीवनीनं स्पीकर लावला.

"मॅडम, तुमच्या पदवीवरच्या खुणेचा आम्हाला संशय आला होता," पलीकडचे साहेब म्हणाले. "पण विद्यापीठाच्या पत्रावरही तशीच खूण आहे, त्याच जागी. म्हणजे ती त्यांची अधिकृत खूण दिसते. आधीच सांगायचं ना! दाखला आज पाठवतो."

संजीवनीनं खुलासा करायला तोंड उघडलं, तोच महिपतींनी ओठांवर बोट ठेवलं. खोटं बोलू नये, हे त्यांचं मत कायम होतं. पण न विचारता बोलावं असं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

दाखला आला, संजीवनी रुजू झाली, रविवारी एसटीनं घरी येऊ लागली. महिपतींनी दाखल्याला लांबूनच हात जोडले.

दोन महिन्यांनी माळेगावचा ऋषिराज मोटरसायकलवर बावड्याला आला. तोही त्याच विद्यापीठात शिकलेला. प्लास्टिकच्या फाइलमधून त्यानं आपली कोरी, स्वच्छ पदवी काढली.

"आबा, माजा अर्ज परत आला. विद्यापीठाची लाल खूण दिसत न्हाय म्हनत्यात. संजीवनीच्या कागदावर हुती म्हनं. ती कुठं मिळती वो?"

महिपतींनी पदवी हातात घेतली. खालचा गोल ठसा नीट न्याहाळला. मग घरात वळून हाक दिली.

"अगं, ताट घिऊन ये. आन् हळद नगं, नुसतं कुंकू आन."