स्वामी सर आणि मंगळाचा दगड

आमचे शेजारी स्वामी सर कुणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी पायरीला भेटायचे. खिशातलं भिंग काढून उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "हा कुठं थंड झाला?" परभणीत बहुतेक पायऱ्या काळ्या दगडाच्या, म्हणजे गोठलेल्या लाव्ह्याच्या. त्यामुळे सर आत येईपर्यंत चहा निवायचा.

सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. नामांतराचा बंद असला, कॉलेजला सुटी मिळाली, की त्यांचा वर्ग आमच्या ओट्यावर भरे. एकदा त्यांनी माझ्या बायकोचा साखरेचा पाक मागून घेतला. अर्धा गार ताटलीत ओतला. तो काचेसारखा गोठला. उरलेला पातेल्यात दोरा सोडून झाकून ठेवला. काही दिवसांनी दोऱ्याला खडीसाखर धरली.

"लाव्ह्याचं असंच हाय, वहिनी. सावकाश निवला की खडे मोठे."

"अन् माझे लाडू?"

सरांनी खडीसाखरेचा दोरा तिच्यापुढं धरला.

मग कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी वाचलं, की फार पूर्वी बिहारात आभाळातून पडलेला एक दगड मंगळावरचा असावा. त्यांची झोपच उडाली.

"बाकी उल्का लय जुन्या. हा त्यांच्यापुढं कोवळा. म्हणजे जिथला हाय, तिथं उशिरापर्यंत ज्वालामुखी जागे होते," ते सांगू लागले. "अन् त्यातले खडे बघा. मधला भाग खोल जमिनीत सावकाश वाढलेला. मग लाव्हा वर आला, अन् कडा घाईघाईनं गोठल्या."

"म्हणजे आमच्या पायरीचा चुलतभाऊ?" मी विचारलं.

"चुलत न्हाई. लय लांबचा."

उन्हाळ्याच्या सुटीत सर तो दगड बघायला एकटेच कलकत्त्याच्या संग्रहालयात गेले. परतले ते स्टेशनवरून रिक्षानं थेट आमच्या ओट्यावर, पेटीसकट.

"दिसला का?"

"दिसला. काचेच्या कपाटात. भिंग लावू देईनात. मग समोर बसून राहिलो, बंद होईस्तोवर."

"नुसते?"

"बोललो थोडं. मराठीत. त्याला काय, सगळ्या भाषा सारख्याच." सरांनी आमच्या पायरीवर हात ठेवला. "आपल्याकडचे दगड भाऊबंदात राहत्यात. त्याचं तिथं कुणीच न्हाई."

बायको म्हणाली, "सर, घरी जाऊन आंघोळ करून या. मी ताट वाढते."

सरांनी शेजारी आपल्या दाराकडं पाहिलं. त्यांची बायको वारल्यापासून कुलूप उघडायला दुसरं कुणी नव्हतं.

"जातो," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

मी त्यांची पेटी उचलली आणि आमच्या घरात नेऊन ठेवली.