एका कमरेला दोन सप्लायर

गॅसचा सिलिंडर दारातून स्वयंपाकघरात आपणच न्यायचा, असं हौसराव घावट्यांनी सोमवारी सकाळी ठरवलं आणि तिथूनच सगळं घसरत गेलं. एरवी सिलिंडरवाला तो आत आणून ठेवायचा. पण त्या दिवशी त्यानं तो असा काही खांद्यावर टाकला, की हौसरावांमधल्या सेफ्टी कमिटीच्या मेंबराला ते बघवेना.

"थांब गड्या, ठिव खाली. वजन कसं उचलायचं आसतं, ते दावतो तुला," हौसराव बाह्या सरसावत म्हणाले. "सुलक्षणा, तूबी बघ. पाय लांब ठिवायचे, पाठ सरळ, गुडघ्यात वाकायचं, आन् मग दमानं..."

पुढचा शब्द कुणालाच ऐकू आला नाही. कमरेत 'कट्' असा आवाज झाला, तो मात्र सिलिंडरवाल्यालाही ऐकू आला. सिलिंडर जागचा हललासुद्धा नव्हता. (रिकाम्या सिलिंडरवरही हेच दाखवता आलं असतं, हे हौसरावांना नंतर सुचलं.)

हौसराव राहायचे शिरूरला आणि सणसवाडीच्या एका कंपनीत बावीस वर्षं स्टोअरकीपर होते. नटबोल्टपासून झाडूपर्यंत प्रत्येक वस्तूचा खण आणि नंबर त्यांना तोंडपाठ. मागच्या वर्षी दोन सप्लायर एकच वॉशर दोन वेगळ्या नावांनी कंपनीच्या गळ्यात मारत होते. हौसरावांनी ते पकडलं, साहेबांनी सर्टिफिकेट दिलं आणि ते फ्रेम होऊन हॉलमध्ये लागलं. पाहुण्यांना घरात पाण्याच्या आधी सर्टिफिकेट मिळायचं.

आता कंपनीच्या गेटजवळ एक बोर्ड होता, 'अपघाताविना दिवस'. येत्या शुक्रवारी त्यावर हजार लागणार होते. बोर्डाला आकड्यांसाठी तीनच खाचा होत्या, म्हणून चौथी खास वेल्डिंग करून घेतली होती. हजार दिवस पुरे झाले की एकशे ऐंशी कामगारांना प्रत्येकी एक प्रेशर कुकर मिळणार होता आणि ते एकशे ऐंशी कुकर हौसरावांच्याच स्टोअरमध्ये थप्पी लावून बसले होते. मध्येच कुणाला टाका पडण्याइतकं लागलं, की बोर्डावर शून्य आणि कुकर परत. शुक्रवारच्या कार्यक्रमाला बायकांनाही आमंत्रण होतं. तिथं सगळ्यांना सुरक्षेची शपथ द्यायचा आणि बोर्डावर 'एक'ची पाटी अडकवायचा मान कुणाचा, तर हौसरावांचा. आणि हौसराव सोमवारी दुपारी काटकोनात वाकून बसले होते.

मंगळवारी शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी कंबर तपासून एक गोळी लिहून दिली.

"हिच्यात दोन औषधं एकत्र आहेत," त्या म्हणाल्या. "एक साधं ताप-दुखण्याचं, दुसरं जरा जोरदार. त्यानं गुंगी येते. सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर, पाच दिवस. हिच्यासोबत दुखण्याची, तापाची, सर्दीची दुसरी कुठलीही गोळी घ्यायची नाही. दारू नाही. गाडी चालवायची नाही. फार झोप यायला लागली तर मला फोन करायचा. कळलं?"

"बाई, मी सेफ्टी कमिटीत हाय," हौसराव म्हणाले.

नियम पाळण्यात हौसरावांचा हात कुणी धरला नसता. दारू ते पीतच नव्हते, ती त्यांनी ताबडतोब सोडली. गाडी चालवायची नव्हती, ते कंपनीच्या बसनं जायचे. जेवण तर त्यांनी कधीच चुकवलं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी कंबर निम्म्यानं सुटली आणि हौसराव सुलक्षणाबाईंना म्हणाले, "बघ. निम्मा गुण औषधाचा, निम्मा शिस्तीचा."

गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या दिवशी दौंडला सुलक्षणाबाईंच्या भावाच्या, ईश्वरच्या नव्या घराची वास्तुशांती होती. ईश्वर रेल्वेत फिटर. शिरूरहून दौंडला जाणाऱ्या एसटीनं वाटेतला एकही खड्डा सोडला नाही आणि हौसराव उतरले ते पुन्हा सोमवारसारखे.

"दाजी, काय हो हे?" ईश्वर धावत आला. "कंबर व्हय? आवो, मग आधी नाय का सांगायचं! माझी धरली व्हती ना दिवाळीत. डॉक्टरनं आशी गोळी दिली, चौथ्या दिशी मी गाडीखाली शिरून ब्रेक बघत व्हतो. आठ उरल्यात. घिऊन जावा."

आता आपल्याकडं कुणी कुणाच्या घरून रिकाम्या हातानं निघत नाही. बहिणीची ओटी भरली, आणि मेव्हण्याच्या हातून आलेली वस्तू दाजींनी नाकारणं म्हणजे मेव्हण्याचं तोंड उतरवणं. टॉवेल, टोपी, नारळ आणि वर गोळ्यांचं पाकीट, असा आहेर हौसरावांनी मानानं स्वीकारला.

शुक्रवारी सकाळी नाश्ता झाल्यावर हौसरावांनी दोन्ही पाकिटं टेबलावर मांडली. डॉक्टरीणबाईंची गोळी पांढरी आणि लांबट, ईश्वरची पिवळी आणि गोल. म्हणजे आयटम वेगळे. (नावंही वेगळी होती.) पिवळीची तारीख पुढच्या महिन्यात संपत होती. स्टोअरचा पहिला नियम, जुना माल आधी काढायचा. पण पांढरीही सुरू केलेली होती, आणि स्टोअरचा दुसरा नियम असा, की एकाच सप्लायरवर कधी अवलंबून राहायचं नाही. बाईंनी 'दुसरी कुठलीही नको' म्हटलं होतं खरं. पण ते त्यांनी दुकानातून आपल्या मनानं आणलेल्या गोळ्यांबद्दल म्हटलं असणार. ईश्वरची गोळी तर डॉक्टरच्याच चिठ्ठीची! चिठ्ठी ईश्वरच्या नावाची होती एवढंच. हौसरावांनी एक पांढरी आणि एक पिवळी घेतली.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं नसतं, पण ते थांबले नाहीत. दौंडच्या रस्त्यावरच्या धुळीनं त्यांना शिंका लागल्या होत्या आणि कंबर धरलेल्या माणसाला शिंक म्हणजे काय, हे ज्याची धरली त्यालाच कळतं. भर शपथेत शिंक आली तर? तेव्हा खबरदारी म्हणून (सेफ्टी फर्स्ट!) औषधांच्या डब्यातली सर्दीची एक गोळीही त्यांनी वर टाकली आणि दोन्ही पाकिटं खिशात घातली.

बसमध्ये शेजारी बसलेल्या सुलक्षणाबाईंना ते म्हणाले, "आज कंबर हाय का न्हाई, तेच कळंना. एकदम बेस वाटतंय."

"मग गप बसा. तोंड का वासताय सारखं?"

"जांभई न्हाई ती. कॉन्फिडन्स हाय."

अकरा वाजता मांडव भरला. स्टेजवर एका बाजूला कुकरची खोकी रचली होती, दुसऱ्या बाजूला बोर्ड, आणि मधे माईकपाशी हौसराव, छातीवर सेफ्टी कमिटीचा बिल्ला लावून. सेफ्टी ऑफिसर विश्वजीत सरांनी सूचना दिली, "घावटे मामा एकेक वाक्य म्हणतील. तुम्ही सगळ्यांनी उजवा हात पुढे करून ते तसंच्या तसं मोठ्यानं म्हणायचं." बिहारकडच्या पोरांना त्यांनी हेच हिंदीत सांगितलं.

"मी शपथ घेतो, की," हौसराव म्हणाले.

"मी शपथ घेतो, की!" एकशे ऐंशी आवाज उठले.

"कामावर हेल्मेट, गॉगल आणि बूट वापरीन."

"कामावर हेल्मेट, गॉगल आणि बूट वापरीन!"

"धोका दिसला, तर... तर लगेच..." हौसरावांना समोरचा मांडव घोडनदीच्या पाण्यासारखा हलताना दिसायला लागला. "आयला, माझं डोळं जड झाल्यात."

"आयला, माझं डोळं जड झाल्यात!" मांडवानं शपथ घेतली.

हौसराव दचकले. "कोण वरडतंय रं?"

"कोण वरडतंय रं!"

"मी जरा टेकतो."

"मी जरा टेकतो!"

"सुलक्षणा, उशी दे."

"सुलक्षणा, उशी दे!" एकशे ऐंशी हात पुढे करून सगळ्या कंपनीनं सुलक्षणाबाईंकडे उशी मागितली. बिहारची पोरं सगळ्यात मनापासून म्हणत होती, कारण त्यांना मराठी येत नव्हतं.

आणि हौसराव टेकले. कुकरच्या पहिल्या खोक्यावर बसले, मग हळूहळू आडवे झाले आणि हातातली 'एक'ची पाटी पोटावर ठेवून घोरायला लागले. मांडव हसून हसून लोळत होता.

सुलक्षणाबाई मात्र हसल्या नाहीत. तीस वर्षं त्या हे घोरणं ऐकत होत्या आणि हे त्यातलं नव्हतं. त्या तशाच स्टेजवर चढल्या, नवऱ्याला गदागदा हलवलं. हौसरावांनी डोळे किलकिले केले, "आलो," म्हणाले आणि परत मिटले. आता सुलक्षणाबाईंना भीतीच वाटली. त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला. आत दोन पाकिटं निघाली.

सुलक्षणाबाईंच्या बचत गटाचा मसाला होता आणि पाकिटामागचे 'घटक' तपासून छापून घ्यायचं काम त्यांचंच. पाकीट दिसलं की उलटं करून वाचायची त्यांना सवयच लागली होती. त्यांनी दोन्ही पाकिटं एकाशेजारी एक धरून मोबाईलनं मागचा फोटो काढला, बोटांनी मोठा करून वाचला आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"बाई, तुमची पांढरी आन् आमच्या भावाची पिवळी, नावं निराळी हायती, पर आत तीच दोन औषधं हायती वो! ह्यांनी दोन्ही खाल्ल्यात. वर सर्दीचीबी खाल्लीय काय की, सकाळी औषधाचा डबा उघडा व्हता. झोपल्यात, हलवलं तर तेवढंच बोलत्यात."

"दोन्ही पाकिटं सोबत घ्या आणि आत्ताच्या आत्ता जवळच्या दवाखान्यात न्या," पलीकडून बाई म्हणाल्या. "झोपून बरं वाटेल म्हणून ठेवू नका. वाटेत श्वास बघत राहा, कुशीवर झोपवा. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलते."

कंपनीची ॲम्ब्युलन्स हजार दिवसांत पहिल्यांदा गेटबाहेर पडली. आत सुलक्षणाबाई नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या. छाती वर आली की त्या एक मोजायच्या आणि खाली गेली की देवाचं नाव घ्यायच्या. मधेच त्यांनी दौंडला फोन लावला.

"ईश्वर, त्या गोळ्या तू घेतल्यास तवा तुला झोप आली व्हती का रं?"

"लई! तीन दिस नुसता पडून व्हतो."

"मग सांगितलं का न्हाई?"

"ताई, मी रजेवरच व्हतो गं. मला वाटलं, रजेमुळं येतीय."

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ठेवलं. रक्त तपासलं, सलाईन लागलं. चार वाजता हौसरावांना नीट जाग आली. समोर सुलक्षणाबाई.

"शपथ झाली का?" त्यांनी विचारलं.

"झाली. सगळ्यांनी माझ्याकडं उशी मागितली."

तिथले डॉक्टर आत आले. "काका, वेळेत आणलं म्हणून झोपेवर भागलं. त्यातल्या जोरदार औषधाचा डबल डोस झाला होता, सर्दीच्या गोळीनं आणखी गुंगी आणली. शिवाय तापाचं औषध तिन्हीत होतं. तुम्ही हे चार दिवस रेटलं असतं, तर लिव्हरचं काय झालं असतं सांगता येत नाही. आणि दुसऱ्याच्या नावावरची गोळी घ्यायची नाही, द्यायचीही नाही."

डॉक्टर गेल्यावर सुलक्षणाबाईंनी दोन्ही पाकिटं पुढ्यात ठेवली. "तो वॉशर कसा वळखला व्हता तुमी?"

"मागं लिव्हलेलं वाचलं."

"आन् ह्याच्या मागं?"

हौसरावांनी दोन्ही पाकिटं उलटी करून मागचं वाचलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "चुकलं माझं." तीस वर्षांत हे वाक्य सुलक्षणाबाईंनी पहिल्यांदा ऐकलं आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू त्यांना तेव्हा आलं.

उरला प्रश्न कुकरचा. अख्खी कंपनी श्वास रोखून विश्वजीत सरांकडे बघत होती. सरांनी नियम दोनदा वाचला. घावटे मामा पडले नाहीत, टेकले. जखम नाही, टाका नाही. गोळ्या घरून खाऊन आले. "हा अपघात नाही," सरांनी निकाल दिला. "निअर मिस आहे, म्हणजे होता होता टळलेला. रजिस्टरमध्ये नोंद होईल." बोर्डावर हजार लागले आणि सगळ्यांना कुकर मिळाले. हौसरावांना कुठला मिळाला, ते सांगायला नको. ज्यावर ते बसले होते तोच. त्याचं झाकण आजही लागत नाही.

ईश्वरच्या उरलेल्या गोळ्या सुलक्षणाबाईंनी डॉक्टरीणबाईंकडे नेऊन दिल्या आणि नष्ट करायला सांगितल्या. घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून अपेक्षाची, म्हणजे लेकीची, शाळेतली पाटी काढली आणि हॉलमध्ये सर्टिफिकेटच्या खालीच टांगली. वर लिहिलं 'घरातले अपघाताविना दिवस' आणि खाली मोठं शून्य काढलं. रोज सकाळी आकडा वाढवायचा मान हौसरावांकडे राहिला.

आणि खरं सांगायचं तर हौसराव त्यातही रमले. पाहुण्यांना आधी सर्टिफिकेट, मग पाटी. कंबर सुटली, आकडा एकतीसवर गेला. बत्तिसाव्या दिवशी सकाळी त्यांनी खडू हातात घेतला, ऐटीत बत्तीस लिहिलं आणि चार पावलं मागे जाऊन लांबून बघत उभे राहिले.

तेवढ्यात दारात हाक आली, "सिलिंडर!"

हौसराव बाह्या सरसावत नुसते वळले होते. सुलक्षणाबाई स्वयंपाकघरातून पदर खोचून बाहेर आल्या, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ पाटीपाशी गेल्या आणि बत्तीस पुसून आधीच शून्य लिहून मोकळ्या झाल्या.