पालक हा मुळात नाजूक

"पाहुणे बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही," हा त्यांच्या घरातला पहिला नियम. का, असं विचारलं की दुसरा नियम लागू व्हायचा: का, असं विचारायचं नाही. दोन्ही नियम आत्याचे. आत्या शाळेची मुख्याध्यापिका, बाबा पालक-शिक्षक संघाचे चिटणीस आणि लेक त्याच शाळेत खेळाची बाई. त्यामुळे घरी गप्प बसून झालं की शाळेत जाऊन गप्प बसायचं, एवढाच काय तो बदल.

यंदाच्या मेळाव्यात मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. आत्याला खेळाचा तास काढून तिथे गणित घालायचं होतं. पालकांनी हात वर करून काय ते ठरवायचं, पण पाहुण्यांच्या भाषणानंतर, वेळ उरला तर.

पाहुणे बाबांनी फोनवर ठरवले. "सर, पालकांवर बोलाल का?" पलीकडचा आवाज एकदम खुलला. "पालकावर? अहो, सगळी हयात त्यातच घालवली." बाबा खूश. एवढ्या अनुभवी माणसाला आपण करता काय, असं विचारणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. (अनुस्वार नाकातून यावा लागतो, आणि बाबांना बारमाही सर्दी.)

पाहुणे उभे राहिले. "पालक हा मुळात नाजूक. जरा दुर्लक्ष झालं की मान टाकतो."

पहिल्या रांगेतल्या एका आईने डोळे पुसले.

"पालकाची दाटी करू नये. मधे वीतभर अंतर हवं."

एका बायकोने नवऱ्यापासून खुर्ची सरकवली. (जरा जास्तच तत्परतेने.)

"पालक जून झाला की त्याला कोणी विचारत नाही. वेळीच कापावा."

"किती परखड," बाबा पुटपुटले.

"आणि शेणखत सढळ हाताने घाला."

आता तिला राहवेना. ती व्यासपीठावर शेजारी बसलेल्या आत्याकडे वाकली. "आत्या, हे भाजीबद्दल बोलतायत."

"गप्प बस. रूपक आहे ते."

"शेणखत रूपक आहे?"

"मोठी माणसं खोल बोलतात. तुला कळेल हळूहळू."

मागच्या रांगा घड्याळ बघत उठायला लागल्या होत्या. हळूहळू कळायला वेळच नव्हता. ती उभी राहिली. "सर, जरा थांबता का? तुम्ही नेमकं कोणत्या पालकाबद्दल बोलताय?"

पाहुणे गोंधळले. "हिरव्या. का, तुमच्याकडे दुसरा असतो?"

सभागृह खदखदून हसलं. बाबांनी पाण्याचा ग्लास उचलून त्यात तोंड लपवायचा प्रयत्न केला. (ग्लास लहान पडला.) आत्याने तिचं कोपर धरलं.

"आभार तू मान. सगळं रूपक होतं, असं सांग. माझी अब्रू राहील आणि तुझा खेळाचा तासही. मी शब्द देते."

तिची पोरं दिवसभर वर्गात माना खाली घालून बसायची आणि त्या एका तासात माणसांसारखी ओरडायची. तास तिला हवाच होता.

"तास पाहिजे, आत्या," ती पुढे होऊन माईकवरच म्हणाली, "पण असा भाजीच्या भावात नको. मी खोटं बोलणार नाही. भाषण भाजीचं होतं. चूक आपली, आणि ती विचारायला घाबरलो म्हणून झाली." मग ती सभागृहाकडे वळली. "आता ज्यांना हवाय त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर झाले. उठलेले परत फिरले. कोणी कोणी तर दोन्ही हात वर केले.

"तास राहिला," तिने तिथल्या तिथे जाहीर केलं.

आत्या गप्प. बाबा गप्प.

तिचा ऊर भरून आला. पाहुण्यांचे आभार तरी मानावेत म्हणून ती वळली, तर ते तिच्या मागे बियाण्यांची पाकिटं उंच धरून उभे.

"ताई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "इतकी नाही आणली हो. एका घरात एकच देऊ का?"